टीममध्ये नवीन रिक्रूटर आली: पहिल्या महिन्यात तिची ओळख कशी करून घ्याल

हा लेख पहिल्यांदाच टीम लीड झालेल्यांसाठी आहे, आणि तीन-चार माणसांची छोटी प्लेसमेंट एजन्सी चालवणाऱ्यांसाठी. उदाहरणं पिंपरी-चिंचवडची घेतली आहेत: क्लायंट म्हणजे भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावचे कारखाने, आणि पदं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) ऑपरेटरपासून क्वालिटी इंजिनिअरपर्यंत. आयटीची भरती करणाऱ्यांना तपशील बदलावे लागतील, क्रम तोच राहील. नव्या रिक्रूटरला ‘ती’ आणि कॅंडिडेटला ‘तो’ म्हटलं आहे, म्हणजे वाचताना घोळ होणार नाही.

बहुतेक ठिकाणी असं होतं. सोमवारी नवीन रिक्रूटर येते. सगळ्यांशी ओळख, चहा, लॉगिन, पोझिशनची यादी, आणि ‘दिवसाला साठ कॉल झाले पाहिजेत’. दोन महिन्यांनी टीम लीडला तिच्याबद्दल एवढंच माहीत असतं की जॉइनिंग येत नाहीत. ती फोनवर काय विचारते, नकार कसा पचवते, कुठल्या माणसांशी तिचं चटकन जमतं, यातलं काहीच कळलेलं नसतं. या धंद्यात माणूस दोन ठिकाणी कळतो: फोनवर आणि ट्रॅकरमध्ये, म्हणजे रोजच्या कॉलची नोंद ठेवतो त्या एक्सेलमध्ये. पहिला महिनाभर तिथे लक्ष द्या. बाकीची ओळख दुपारच्या डब्यावर होतच असते.

ती येण्याआधी

चार गोष्टी तयार ठेवा. पहिली, तिच्या नावाचं जॉब पोर्टलचं लॉगिन. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करायला लावलं तर दिवसाची सीव्ही पाहण्याची मर्यादा दोघींत वाटली जाते, पोर्टलच्या नियमांत ते बसत नाही, आणि कोणी काय शोधलं हे तुम्हाला नंतर पाहता येत नाही. तिने काय शोधलं हेच तर तुम्हाला पाहायचं आहे.

दुसरी, ऑफिसचं सिम आणि त्यावरचं व्हॉट्सॲप. ‘सध्या स्वतःच्या फोनवरून कर, पुढच्या महिन्यात सिम देऊ’ हे चालू देऊ नका. कॅंडिडेटचे नंबर, आधार-पॅनचे फोटो आणि पेस्लिपा तिच्या खाजगी फोनमध्ये जमा होतात. ती सोडून गेली की ते सगळं तिच्याबरोबर जातं. शिवाय रात्री अकराला ‘मॅडम, माझं काय झालं’ असे फोन तिच्या घरच्या नंबरवर यायला लागतात. पहिल्याच महिन्यात मुली नोकरी सोडतात त्यामागे हे कारण पुष्कळदा असतं आणि त्या ते बोलून दाखवत नाहीत.

तिसरी, क्लायंटचं एक पान. प्रत्येक कारखान्याचं गाव, गेट, शिफ्टच्या वेळा, कंपनीची बस कुठून कुठे जाते, कॅंटीनचे किती कापतात, पगाराची तारीख, एचआरमधल्या माणसाचं नाव, आणि त्या कारखान्याने मागच्या वेळी कोणाला नाकारलं आणि का. हे शेवटचं जवळजवळ कोणीच लिहून ठेवत नाही. नव्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

चौथी गोष्ट जास्त महत्त्वाची: तिला द्यायच्या तीन पोझिशन आधीच निवडून ठेवा. त्या अशा हव्यात की त्या क्लायंटकडे तशी जागा आपण आधी भरलेली आहे, पगार स्पष्ट आहे, आणि एचआर दोन दिवसांत उत्तर देतो. चार महिने कोणालाच न भरलेली पोझिशन नव्या माणसाच्या गळ्यात घालायची सवय आपल्याकडे फार आहे. त्याचा तोटा पुढे दिसतो. पंधरा दिवसांत एकही लाइनअप (इंटरव्ह्यूला यायला तयार झालेला कॅंडिडेट) आलं नाही तर माणूस कच्चा आहे की जागाच भरण्यासारखी नाही, हे तुम्हाला सांगता येत नाही. मोजपट्टीच वाकडी असेल तर मोजणार काय?

पहिला दिवस: चाळीस मिनिटांचं बोलणं

‘तुमच्याबद्दल सांगा’ विचारू नका. ते उत्तर तिने इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं आहे आणि तुम्ही ते ऐकलेलंही आहे.

आधी रिक्रूटमेंट केलेली असेल तर एकच जागा धरून विचारा: शेवटची कुठली पोझिशन भरली? सीव्ही कुठून आला, पोर्टलवरून की ओळखीतून? त्याचा आधीचा पगार किती होता, तो का सोडत होता, आणि ऑफर आल्यावर घरी कोणाला विचारून हो म्हणाला? ज्याने स्वतः काम केलंय त्याला हे आठवतं, महिने झाले तरी. ज्याने नुसते सीव्ही पुढे ढकलले, त्याची उत्तरं ‘साधारण’, ‘बहुतेक’, ‘टीमने केलं’ अशी यायला लागतात. ती खोटं बोलते आहे असा याचा अर्थ घेऊ नका. मागच्या ठिकाणी तिला फक्त सोर्सिंगला, म्हणजे सीव्ही शोधायला बसवलं असेल, ऑफरनंतरचं बोलणं दुसरंच कोणी करत असेल. तुम्हाला कळतं ते इतकंच की कुठून शिकवायला सुरुवात करायची.

अनुभवी माणूस कधीकधी उत्साहाने सांगतो, ‘माझ्याकडे जुन्या कंपनीचा दहा हजारांचा डेटा आहे.’ तो घेऊ नका आणि का नको तेही त्याच दिवशी सांगा. त्या लोकांनी आपली माहिती तुम्हाला दिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच असा आहे की माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची. आणि तिथून इथे आलेला डेटा उद्या इथून तिसरीकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

फ्रेशर असेल तर अनोळखी माणसांशी बोलायचं काम कधी केलंय का ते विचारा. कॉल सेंटर, मोबाइलचं दुकान, ट्यूशन, विमा, गणपतीची वर्गणी, काहीही. वर्गणी मागितलेल्या मुलांना दारातून परत फिरायची सवय असते आणि पुढच्या वर्षी त्याच दारात हसत उभं राहायचीही. फोनवर नेमकं तेच लागतं.

मग वेळेचं बोला. हा मुद्दा लोक विसरतात. फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर दुपारी चारच्या पुढे फोन घेतो, सेकंड शिफ्टवाला सकाळी दहा ते बारा, आणि जनरल शिफ्टचा इंजिनिअर संध्याकाळी सहानंतर, बसमध्ये बसला की. मशिनवर असताना फोन लॉकरमध्ये असतो. तुमची रिक्रूटर साडेनऊ ते सहा बसत असेल तर जनरल शिफ्टची माणसं तिला सापडणारच नाहीत. ती कुठे राहते, घरी परत कशी जाते, उशिरा थांबणं जमेल का, हे सरळ विचारा आणि आठवड्यातून दोन दिवस अकरा ते साडेसात अशी वेळ ठरवता येते का बघा. लग्न कधी, मूल कधी, जात कोणती, हे प्रश्न तुमच्या कामाचे नाहीत. तुम्हाला फक्त वेळ हवी आहे, तेवढीच विचारा.

भाषाही विचारा. चाकण-महाळुंगेच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भाची मुलं आहेत, तशीच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचीही. हिंदीत सहज बोलता येणं गरजेचं आहे. बीड-लातूरच्या मुलाशी त्याच्या वळणाची मराठी बोलणारी रिक्रूटर तर तुमच्या टीमची मोठीच जमेची बाजू. हे तिच्या सीव्हीत कुठे लिहिलेलं नसतं.

त्याच दिवशी दोन नियम तोंडी आणि लेखी द्या. कॅंडिडेटकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, ना रजिस्ट्रेशनचा, ना ‘चहापाण्याचा’. आपली फी क्लायंट देतो. दुसरा, परदेशातल्या नोकरीसाठी कोणी विचारलं तर हात घालायचा नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय ते काम करताच येत नाही, एकाच माणसाचं असलं तरी.

दुसरा-तिसरा दिवस: तिने तुमचं ऐकायचं, मग तुम्ही तिचं

पहिले दोन दिवस ती तुमच्या शेजारी बसेल आणि तुमचे फोन ऐकेल. प्रत्येक फोननंतर तिला एकच प्रश्न विचारा: हा माणूस इंटरव्ह्यूला येईल का, आणि कशावरून? उत्तर चुकलं तरी चालेल. ‘कशावरून’ला ती काय सांगते तिकडे कान ठेवा. ‘छान बोलला’ म्हणाली तर तिचं लक्ष सुरावर आहे. ‘दोनदा बसचं विचारलं’ म्हणाली तर ती ऐकते आहे.

तिसऱ्या दिवशी फोन तिच्या हातात. तुम्ही शेजारी बसा. समोरच्याचं ऐकू आलं नाही तरी बिघडत नाही, तिचे प्रश्न ऐकूनच पुष्कळ समजतं. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर कॅंडिडेटला सुरुवातीलाच तसं सांगायला हवं.

समजा पोझिशन सीएनसी सेटरची आहे (सेटर म्हणजे नव्या जॉबसाठी मशिन लावून देणारा), तीन वर्षांचा अनुभव. बोलणं असं जायला हवं:

— सध्या कुठल्या मशिनवर आहात?
— सीएनसी टर्निंग, मॅडम. फॅनक कंट्रोल.
— सेटिंग तुम्ही करता की सेटर वेगळा आहे?
— सगळं येतं मॅडम.
— बरं. नवीन जॉब लागला की टूल ऑफसेट कोण घेतं?
— ते सेटर घेतो. साइज सरकली तर वेअरमध्ये मी मारतो दोन-चार मायक्रॉन.
— आणि पहिला पीस कोण पास करून घेतं?
— सेटरच.

हा चांगला ऑपरेटर आहे, सेटर नाही. ‘सगळं येतं’ हे तो फसवायला म्हणत नाही, त्याच्या मते त्याला येतं. ‘सगळं येतं’ला तुमची रिक्रूटर थांबली आणि सीव्ही पाठवला, तर शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर पाच मिनिटांत ओळखतो, आणि पुढचे चार सीव्ही एचआर उघडतही नाही. नव्या रिक्रूटरला ‘ऑफसेट’ म्हणजे काय (मशिनमध्ये भरायचं टूलचं माप) हे पहिल्या दिवशी माहीत नसणारच. बघायचं ते हे की माहीत नसताना ती विचारते का. ‘म्हणजे नेमकं काय करता, मला समजावून सांगा’ असं कॅंडिडेटलाच विचारणारी रिक्रूटर महिनाभरात तयार होते. माणसं स्वतःच्या कामाबद्दल आनंदाने सांगतात. समजल्यासारखं ‘हो हो’ करत पुढे जाणारीला जास्त वेळ लागतो.

आणखी काय ऐकायचं? प्रश्न विचारल्यावर ती गप्प राहते का, की उत्तर येण्याआधी स्वतःच पर्याय देते: ‘नोटीस किती, तीस दिवस ना?’ अशा प्रश्नाला समोरून ‘हो’च येतं. कंपनी रोल (थेट कंपनीच्या पगारावर) की कॉन्ट्रॅक्ट (ठेकेदाराच्या पगारावर), हे तो विचारण्याआधी ती सांगते का? कॉन्ट्रॅक्टची जागा ‘कंपनीचीच आहे’ म्हणून सांगणं हे आपल्या धंद्यातलं सर्वांत वाईट पाप आहे. मुलगा गावाकडची कामं सोडून, खोलीचं डिपॉझिट भरून येतो आणि गेटवर त्याला वेगळ्या रंगाचं कार्ड मिळतं. त्याच्या घरी त्याने ‘कंपनीत लागलो’ सांगितलेलं असतं. ही चूक दिसली तर त्याच क्षणी थांबवा, बाकी कशालाही मुभा द्या.

सुधारणा सांगताना एका फोनला एकच गोष्ट सांगा. पाच सांगितल्या तर पुढच्या फोनला ती पाचही आठवत बसते आणि ऐकणं राहून जातं. आणि तिच्या हातातला फोन कधीही काढून घेऊ नका. एकदा घेतलात की अवघड वाटलं तिथे ती तुमच्याकडे बघायला लागते.

पगाराची परीक्षा

चौथ्या दिवशी तिच्यासमोर एक जुनी पेस्लिप ठेवा, नाव आणि नंबर झाकून. सांगा: याच्या हातात किती येतात आणि कंपनीला हा किती रुपयांना पडतो, ते काढ.

एक साधं उदाहरण. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) २०,०००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ग्रॉस २१,००० च्या आत आहे म्हणून ईएसआयसी (कामगार विमा) लागू, ०.७५ टक्के म्हणजे १५०. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत तो नाही). हातात १७,८५०. कंपनीच्या बाजूने पीएफचे १,८०० आणि ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ६५० धरले की २२,४५० झाले. त्यावर बोनस, ग्रॅच्युइटी आणि किरकोळ आकार वेगळे.

आता कॅंडिडेट म्हणतो ‘मला अठरा मिळतात, बावीस पाहिजेत’. हे अठरा हातातले की ग्रॉस? त्यात ओव्हरटाइम धरलाय का? क्लायंट म्हणतो ‘बावीस देऊ’, ते सीटीसीतले, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चातले. दोघंही बावीसच म्हणतायत आणि दोघांच्या मनात चार-साडेचार हजारांचं अंतर आहे. ऑफर लेटर हातात पडतं तेव्हा ते उघडं होतं, आणि तोवर तीन आठवडे गेलेले असतात. ओव्हरटाइमचा प्रश्न तर हमखास राहतो. चार तास जादा थांबून तेवीस नेणाऱ्याला ओव्हरटाइम नसलेल्या ठिकाणचे एकवीस कमीच वाटणार.

हिशेब पहिल्या फटक्यात चुकला तरी चिंता नको, अर्ध्या तासात शिकवून होतो. हिशेब करताना ती ‘ओव्हरटाइम किती होता?’ असं आपणहून विचारते का, ते लक्षात ठेवा.

ट्रॅकर वाचायला शिका

दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी दहा मिनिटं तिचा एक्सेलचा ट्रॅकर उघडा. संख्येकडे बघण्याआधी शेवटच्या रकान्याकडे, म्हणजे शेऱ्याकडे बघा. ‘इंटरेस्टेड’, ‘कॉल बॅक’, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ एवढंच खाली खाली लिहिलेलं असेल तर ती फोन करते आहे, बोलत नाहीये.

चांगला शेरा असा दिसतो: ‘चिखलीत राहतो. चाकण चालेल, पण बस स्पाइन रोडवरून हवी. वडिलांचं डायलिसिस, मंगळवारी नाईट नको. भोसरीत दुसरीकडे इंटरव्ह्यू झालाय, ९ तारखेला उत्तर.’ या तीन ओळींत त्या माणसाचा निर्णय कसा होणार ते आलं. ९ तारखेला त्याला फोन करायचा, १० ला नाही. बसचा थांबा एचआरला आधी विचारून ठेवायचा. आणि हे लिहिणाऱ्या रिक्रूटरबद्दल कळलं की तिच्याशी माणसं घरचं बोलतात. ही गोष्ट शिकवून येत नाही. अशी रिक्रूटर मिळाली तर तिला साठ कॉलच्या घाण्याला जुंपू नका.

उलट बाजूच्या खुणाही असतात. सगळ्यांचा अपेक्षित पगार गोल आकड्यात, सगळ्यांची नोटीस ‘इमिजिएट’, सोडण्याचं कारण सगळीकडे ‘बेटर ग्रोथ’. असे रकाने न विचारता भरलेले असतात. आरोप करण्याआधी तिला विचारा की या रकान्यांची भीती कशाची वाटते. पुष्कळ नवख्यांना पगार आणि सोडण्याचं कारण विचारणं म्हणजे आगाऊपणा वाटतो, विशेषतः वयाने मोठ्या माणसाला. त्यावर उपाय सोपा आहे. ‘काका, तुमचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आधीच विचारते’ हे वाक्य द्या. वाक्य हातात असलं की संकोच जातो.

आठवड्यातून चार-पाच कॅंडिडेटना तुम्ही स्वतः फोन करून तपासणार आहात, हे तिला आधी सांगा. गुपचूप केलंत आणि तिला कळलं, तर तुमचं-तिचं नातं तिथेच संपलं.

कारखाना दाखवा

पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी तिला क्लायंटकडे न्या. शक्यतो सकाळच्या शिफ्टच्या वेळेला, म्हणजे नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतची गर्दी तिला अंगावर घेता येईल. कॅंडिडेट विचारतो, ‘मोशीवरून किती वेळ लागतो?’ नकाशात पाहून दिलेलं उत्तर आणि त्या रस्त्यावर अडकून दिलेलं उत्तर यांत फरक पडतो आणि तो समोरच्याला ऐकू येतो.

गेटवर थांबा. कंपनीची माणसं आणि कॉन्ट्रॅक्टची माणसं कुठून आत जातात, सेफ्टी शूज कोण देतं, बस कुठे लागतात, कॅंटीन एकच आहे की दोन, हे तिला दाखवा. एचआरशी ओळख करून द्या, आणि ‘ही नवीन आहे, शिकतेय’ असं म्हणू नका. ‘तुमच्या क्वालिटीच्या दोन जागा आता या बघणार आहेत’ म्हणा. पहिलं वाक्य ऐकलेला एचआर पुढचे सहा महिने तिला वगळून तुम्हालाच फोन करतो.

परत आल्यावर तिला दहा ओळी लिहायला सांगा: काय पाहिलं. कोणी इमारत लिहितं, कोणी माणसं. ‘वेल्डिंगला पंखे कमी आहेत, उन्हाळ्यात मुलं सोडून जात असतील’ असं लिहिणारीला पुढे कॅंडिडेटने का सोडलं ते शोधायला सांगा, ती शोधून काढेल.

आकडे कसे वाचायचे

पहिल्या महिन्यात जॉइनिंगवरून माप काढू नका. गणितच तसं आहे. इंजिनिअरची नोटीस एक ते तीन महिने. आज बोललेला माणूस तिच्या पहिल्या महिन्यात रुजू होणारच नाही. बिल त्याच्यानंतर, आणि क्लायंटचे पैसे त्याच्याही नंतर. फी वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के ठरली असेल तर ४ लाख ८० हजारांच्या जागेला ३९,९८४, वर १८ टक्के जीएसटी. कॅंडिडेट रिप्लेसमेंटच्या मुदतीत सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यायचा. हा हिशेब तिलाही दाखवा. कशासाठी धावतोय हे माहीत असलेला माणूस ऑफरनंतरचे फोन टाळत नाही.

पहिल्या महिन्यात साखळी बघा: फोन, बोलणं, लाइनअप, इंटरव्ह्यूला हजेरी, निवड. कुठली कडी सुटते त्यावरून काय शिकवायचं ते ठरतं.

फोन भरपूर, बोलणी कमी: वेळ चुकते आहे. शिफ्टच्या वेळा पुन्हा समजावा. बोलणी भरपूर, लाइनअप कमी: एकतर सीव्ही चुकीचे निवडते आहे, किंवा जागा नीट सांगता येत नाही. तिने पोर्टलवर काय शोधलं ते उघडून बघा. नुसतं ‘क्वालिटी इंजिनिअर’ टाकलं असेल तर औषधाच्या कारखान्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळे येतात. ‘पीपॅप’, ‘सीएमएम’, ‘मशिनिंग’ असे कामातले शब्द जोडायला शिकवा, आणि ठिकाण पुणे न ठेवता पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरी असं बारीक करा.

लाइनअप भरपूर, हजेरी कमी: इथे सर्वांत जास्त शिकायला मिळतं. ती ‘हो’ काढून घेते आहे. आपल्याकडे माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, ‘बघतो मॅडम, येतो’ म्हणतो. ‘येतो’ आणि खरंच येणं यांतलं अंतर मोजायला दोन प्रश्न पुरतात: ‘सुट्टी टाकलीत का?’ आणि ‘कशाने याल?’ रजेचं आणि गाडीचं उत्तर तयार नसेल तर तो यायचा नाही. तिला सांगा, फोनवर मिळालेला स्पष्ट नकार हीसुद्धा कामाचीच गोष्ट आहे. नकार दिल्यावर टीम लीड रागावतो असं तिला वाटत असेल तर ती ‘येतो’च गोळा करत राहील. तेव्हा हा दोष बऱ्याचदा तुमच्याच वागण्याचा असतो.

निवड झाली आणि आला नाही, हे पहिल्या महिन्यात क्वचितच दिसेल, पण दिसेल त्या दिवशी सांभाळा. सगळ्यांसमोर बोलू नका. बाजूला घेऊन विचारा: शेवटचं बोलणं कधी झालं, राजीनाम्याची मेल पाहिली होती का, आधीच्या कंपनीने पगार वाढवून थांबवलं का, घरी कोण नको म्हणत होतं. ऑफर आणि जॉइनिंगच्या मध्ये निदान तीन फोन व्हायला हवेत: राजीनामा दिला त्या दिवशी, नोटीसच्या मध्यावर, आणि आदल्या संध्याकाळी. त्यातला मधला फोन राहतो, आणि काउंटर ऑफर नेमकी तेव्हाच येते.

पंचांग तिलाही द्या

नवी रिक्रूटर बाहेरगावची असेल तर हे तिला कोणी सांगत नाही. पितृपक्षात जॉइनिंगची तारीख पुष्कळ जण पुढे ढकलतात, दसरा सांगतात. ती तारीख आधीच दसऱ्याची घेतली तर भांडण वाचतं. दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत कारखान्यातला माणूस हलत नाही, म्हणून सप्टेंबरमध्ये ‘हो’ म्हणणाऱ्याला ‘बोनसनंतर का?’ विचारायचं. गणपतीत कोकणातली मुलं गावी असतात. मार्च-एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र येईपर्यंत इंजिनिअर थांबतात, आणि ते मनासारखं नसलं की त्यांचेच फोन येतात. देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्या दोन-तीन दिवसांत आकुर्डी, दिघी, पुण्याचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी इंटरव्ह्यू लावू नयेत. मे महिन्यात लग्नं.

तिसाव्या दिवशी

तासभर काढा आणि तिला आधी बोलू द्या. तीन प्रश्न पुरेत. कुठल्या प्रकारच्या माणसांशी बोलायला सोपं जातं? कुठला फोन टाळावासा वाटतो? आणि माझ्या कुठल्या सवयीमुळे काम अवघड होतं? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या खेपेला ‘काही नाही सर’ येईल. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

मग तुम्ही काय पाहिलंत ते तिला उदाहरणासकट सांगा. ‘कम्युनिकेशन सुधार’ यातून तिला काहीच कळत नाही. ‘मंगळवारच्या त्या वेल्डरला तू सोडण्याचं कारण तीनदा वेगळ्या शब्दांत विचारलंस आणि तिसऱ्यांदा त्याने सांगितलं’ हे तिला समजतं आणि पुन्हा करता येतं.

त्याच बैठकीत पुढच्या दोन महिन्यांच्या पोझिशन ठरवा, तिचं ज्यांच्याशी जमतं ते पाहून. आयटीआयच्या मुलांशी जिचं सूत जमतं तिला ऑपरेटर, वेल्डर, फिटर, अप्रेंटिसच्या भरत्या द्या आणि महिन्यातून दोन दिवस ऑफिसबाहेर, आयटीआयमध्ये, खोल्यांच्या वस्तीत जायला मोकळीक द्या. जी शांतपणे खोलात शिरते, तिला टूल रूम, मेंटेनन्स, क्वालिटी अशा कमी संख्येच्या पण नेमक्या जागा. दोघींना सारखंच कॉलचं टार्गेट लावू नका. पहिलीला हजेरी मोजा, दुसरीला पाठवलेल्या सीव्हींपैकी एचआरने किती बोलावले ते. आणि इन्सेंटिव्ह कधी, कशावर, किती मिळणार, कॅंडिडेट रिप्लेसमेंटच्या मुदतीत गेला तर त्याचं काय होणार, हे त्या दिवशी कागदावर लिहून तिच्या हातात द्या.